दिवसा पाहिलेलं जंगल

गुरुजी, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला असं काही विचारायला बसलो आहे, ज्याचं उत्तर मला ठाऊक आहे. इंदूरला, राऊजवळच्या आमच्या ऑफिसात रस्ते बांधण्याआधी जंगलाचे अहवाल तयार होतात. ते मी लिहितो. या उन्हाळ्यात घाटातल्या रस्त्यासाठी चार दिवस हिंडलो, झाडं मोजली, खोडांवर पिवळ्या रंगानं नंबर टाकले. फॉर्मवर प्राण्यांची यादी असते. उडत्या खारीपुढे मी लिहिलं, 'आढळली नाही'. खोटं होतं का ते? रोज सकाळी नऊला शिरायचो आणि पाचला गाडीत बसायचो, कारण ड्रायव्हरला उजेडातच घाट चढायचा असे. आणि ती ढोलीबाहेर येते दिवस मावळल्यावर. ऑफिसात हे दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, मला होतं.

लहानपणीची एक रात्र अजून दिसते: शाळेमागच्या देवराईत तुम्ही मला शेजारी बसवलं आहे. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिनचा कागद बांधला आहे, तिचे डोळे दिपू नयेत म्हणून. "हलू नकोस," तुम्ही कुजबुजता, "आणि प्रश्न विचारू नकोस, तुझी कुजबुज गावात ऐकू जाते." मग ढोलीतून एक डोकं येतं. ती सरसर शेंड्याला जाते, चारी पाय फाकवून स्वतःला सोडून देते, पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतची कातडी चादरीसारखी ताणली जाते, लांब शेपूट मागे तरंगतं, आणि पलीकडच्या खोडावर, बरीच खाली, ती चिकटते. मी म्हणालो, उडाली. तुम्ही म्हणालात, "उडाली नाही, घसरत आली. हवेत तिला वर जाता येत नाही. पुढं जायचं तर ते झाड आधी चढावं लागतं. मधलं झाड गेलं की तिचा रस्ता संपला." पिल्लूही एका वेळी एकच, हे त्याच रात्री सांगितलंत. पुढच्या आठवड्यात मी निसर्गाच्या वहीत घरी बसूनच लिहिलं, 'देवराईत घुबड नाही'. तुम्ही विचारलंत, "किती वेळ बसला होतास?" मी वहीसाठी हात पुढे केला. "आहे म्हणायला एक नजर पुरते रे. नाही म्हणायचं तर बसावं लागतं." वही परत दिलीत. मारलं असतंत तर मी विसरलो असतो.

गुरुवारी ठेकेदाराच्या मुकादमानं मोबाइलवर फोटो पाठवला. 'साहब, ये कौन सा जानवर है?' आडवं पडलेलं मोहाचं झाड, फुटलेली ढोली, आत आई आणि तिच्या पोटाशी पिल्लू. दोन्ही मेलेली. खोडावरचा नंबर माझ्या अक्षरातला. मी फोटो घेऊन साहेबांकडे गेलो. ते तीन पिढ्या इंदूरचे मराठी, मनानं वाईट नाहीत. म्हणाले, "अरे भिया, नाही दिसली तर नाही दिसली लिहिलं. झूठ काय आहे त्यात?"

"रात्री गेलोच नव्हतो, साहेब."

"मग काय, आता वन खात्याला लिहून द्यायचं की रिपोर्ट चूक आहे? उद्यापासून आपल्याला काम कोण देणार? बारा घरं चालतात इथून, एक तुझं." मग माझ्याकडे पाहून आवाज उतरवला. "सोमवारी नदीकडची झाडं तोडणार आहेत. त्याआधी तू जा रात्री. एक तरी जिवंत दाखव मला. मग मी स्वतः सही करतो, काम थांबवतो. लेकिन दिखनी चाहिए."

आज शनिवार आहे, थोड्या वेळात घाटाकडे निघायचं आहे. नदीकडचे मोह सगळ्यांत जुने, ढोल्याही त्यांनाच जास्त. मी बसलो तर ती दिसेल, हे मला जवळजवळ नक्की माहीत आहे. पन्नाशीला आलेल्या माणसाला या शहरात दुसरीकडे कोण ठेवणार, आणि मुलीचं कॉलेज अजून दोन वर्षं बाकी. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता येतं आहे.

निघण्याआधी आत्ताच देवापुढं दिवा लावला. जरा जास्तच वेळ हात जोडून उभा राहिलो असेन, कारण बायकोनं विचारलं, "काय मागितलंत एवढं?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

गुरुजी, मी मागितलं की आज ती मला दिसू नये.