मिस्सेला न पोहोचल्याचा खुलासा

आदरणीय ब्रोनेताईंना झेनोनसचा मान खाली घालून नमस्कार. तुमचा गुडघा, रक्तदाब आणि मांजर ही तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. माझं म्हणाल तर डॉक्टरीणबाई ‘ठीक आहे’ म्हणाल्या. (त्या पूर्ण वेळ संगणकाकडे बघत होत्या, तेव्हा त्याची तब्येत ठीक असावी.)

रविवारी दांगुओलेला जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा होती आणि मी आलो नाही, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीसाठी अख्खं चर्च गुडघ्यावर आणि तिचा नवराच बेपत्ता. तुम्ही फोनवर योलांताला म्हणालात की त्या माणसाला लाज उरलेली नाही. माझी भाची आहे, तिने ते जसंच्या तसं मला पोचवलं. म्हणून हे सविस्तर लिहितो. दोष माझा नाही, फोनमधल्या ॲपचा आहे, आणि ते ॲप फोनमध्ये बसवून दिलं योलांतानेच.

गेल्या नोव्हेंबरात ती आली आणि म्हणाली, मामा, आता ट्रॉलीबस, बस, भाड्याची सायकल, टेकडीवर चढणारी दोरीची गाडी, सगळं एकाच तिकिटात, आणि प्रत्येकाला त्याच्या आवडीचा रस्ता. मी एकतीस वर्षं या शहरात ट्रॉलीबस चालवली, ताई. एवढ्या वर्षांत कुठल्या उतारूची आवड आम्ही विचारली नाही आणि कुणी सांगितलीही नाही. थांबा आला की दार उघडायचं, एवढीच आमची सेवा. हे ॲप मात्र मुलगी बघायला आल्यासारखं विचारत सुटलं. चालणं किती झेपतं? गाडी बदलायला आवडतं का? उभं राहाल का? सोबत माणसं किती चालतील? घाई आहे का? मी खरी उत्तरं दिली. चालणं कमी, बदलणं नको, उभं राहणार नाही, माणसं जमतील तितकी कमी, घाई कसलीच नाही. (‘कुठे जायचं?’ हा रकाना रिकामा सोडला. तो सक्तीचा नव्हता.)

त्या दिवसापासून रोज सकाळी कॉफी झाली की मी बाहेर पडू लागलो. घरात बसलं की फ्रिजचा आवाज येतो, आणि दांगुओलेने सांगितलं होतं की तो दुरुस्त करून घ्या. ॲप मला खिडकीची जागा असलेली, रिकामी, लांबात लांब फेरी शोधून द्यायचं. पाण्याच्या कडेने तलावापर्यंत, तिथून जंगलाकडे, तिथून परत. हिवाळाभर तेच. ते शिकत होतं म्हणे. मला कळलं नाही, मला वाटलं फक्त मीच म्हातारा होतोय.

तर रविवारी मी काळा कोट घातला, मिस्सेनंतरच्या जेवणासाठी शाकोतिस घेतला (तो काटेरी झाडासारखा उभा केक, लहानातला, पण तोही मांडीवर घेतला की समोरचं काही दिसत नाही), आणि पहिल्यांदाच त्या रकान्यात चर्चचं नाव भरलं. ॲपने मला नेलं तलावाच्या शेवटच्या थांब्यावर. चालक निघाला रिमविदास. त्याला हाताला धरून गाडी मीच शिकवली होती. तो आरशातून बराच वेळ बघत होता, मग उठून आला.

“काका, चर्च उलट्या बाजूला आहे.”

मी फोन दाखवला.

“या शहराचे रस्ते मला तुम्ही पाठ करून घेतलेत,” तो म्हणाला, “आणि तुम्ही याला विचारताय?”

मी चिडून ॲपवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाजावरून योलांताच्याच वयाची. तिने माझी सगळी नोंद वाचून काढली. पाच महिन्यांत मी एकदाही जवळचा रस्ता घेतला नव्हता. कुठे उतरलोही नव्हतो, जिथून बसलो तिथेच परत. म्हणून, ती म्हणाली, ॲपचा समज असा झाला की तुम्हाला पोहोचायला आवडत नाही.

ताई, एवढ्या वर्षांत माझ्याविषयी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी तिला म्हटलं, आज मला पोहोचायचंय. तिने कुठलीशी कळ फिरवली. मग मला विजेच्या सायकलवर बसवण्यात आलं, एका हातात केक, वय एकाहत्तर. पुलाजवळ केकचा शेंडा गेला, वळणावर माझी टोपी. दोरीच्या गाडीपाशी पोहोचलो तर ती दुपारपर्यंत बंद. चढ पायी चढलो. सव्वाबारा वाजले होते आणि चर्चच्या दाराला कडी होती.

असं झालं. राग सोडावा ही विनंती.

तुमचा मेहुणा,
झेनोनस

ता. क. योलांता त्या कंपनीला कडक तक्रार लिहीत बसलीय. तिला थांबवा. सायकल मी घेतलीच नाही. रिमविदासने परतीच्या फेरीत मला सरळ चढाच्या वर आणून सोडलं. अकराच्या मिस्सेला अजून वीस मिनिटं होती. समोरच्या फुलवालीच्या टपरीआड मी उभा राहिलो. तुम्ही पायऱ्यांवर पाठमोऱ्या होतात, दांगुओलेची करडी शाल घेऊन, आणि कुणाला तरी हाक मारायला तुम्ही तिच्यासारखीच मान वळवलीत. त्यानंतर जी गाडी आली तीत मी बसलो. फोनला विचारलं नाही. केक रिमविदासने आणि मी तलावावर संपवला, तो चांगला होता.

ता. क. २. वर्ष झालं, मी अजून तिच्या कबरीवर गेलेलो नाही. तुम्हाला सांगत आलो की जाऊन आलो. पुढच्या रविवारी तुम्ही इकडे या आणि मला घेऊन चला. रस्ता मला माहीत आहे, तो प्रश्न नाही. शेवटच्या थांब्यावर मला उतरवायला कुणीतरी हवं.

आणि येताना ती शाल घालू नका.

नाही, घालाच.