कोडीचा दगड

प्रिय भुजंगा,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तू, नागू आणि वाणी सुखरूप असाल. जयलक्ष्मीपुरम उंचावर आहे, तेव्हा कोरडेही असाल.

मराठीत लिहितेय, कारण तुझ्या घरात ही अक्षरं फक्त तुलाच लागतात. नागू कन्नड वाचते, वाणी इंग्रजी, आणि मला जे लिहायचंय ते तुझ्या लेकीच्या नजरेला पडावं असं मला वाटत नाही. फोन करून पाहिला. तू ‘हां अक्का, हां अक्का’ म्हणतोस आणि तेवढ्यात कुणीतरी तुझा प्लॉट, ती साईट, बघायला आलेलं असतं. पत्राचं बरं असतं, ते टेबलावर पडून राहतं आणि आपल्याकडं बघत राहतं. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं अप्पांच्या पोथ्यांवर बोट फिरवत शिकले, आणि शिकले तेवढं तुला पाटीवर गिरवायला लावलं. स्वतःच्या नावातला ‘भु’ तुला काही केल्या यायचा नाही. मी मागं बसून तुझा हात धरायची. आठवतं का?

इथलं म्हणशील तर घर वाळतंय. पाणी उतरलं, पण भिंतींनी ते पोटात धरून ठेवलंय. तांदळाचा डबा, गाद्या, माझ्या शरतच्या लग्नातला अल्बम, सगळं गच्चीवर पसरलंय, ऊन आलं की वर, ढग आले की आत. तुझे दाजी ठीक आहेत. गुडघा बोलतो, पण जीभ शाबूत आहे. पाणी शिरलं तेव्हा त्यांना पलंगावर बसवलं आणि मांडीवर रेडिओ दिला, तर म्हणतात कसे, “पेरियापट्टणात तंबाखू भिजला की लिलाव थांबवायचे. इथं तंबाखूवाला भिजला तरी कुणाचं काही अडत नाही!” मी हसले. गुडघाभर पाण्यात उभी राहून हसले, आणि मग लोणच्याची बरणी तरंगत चाललेली दिसली तेव्हा रडू आलं. माणसाला कशानं काय होईल सांगता येत नाही.

तुला वाटत असेल, पाणी दारातून आलं. आधी ते खालून आलं, भुजंगा. नळाला पाणी सुटलेलं नसताना अंगणातला संप, ती जमिनीतली टाकी, काठोकाठ भरली, गढूळ पाण्यानं. झाकण डुगडुगायला लागलं. मग स्वयंपाकघरात फरशीच्या सांध्यांतून बारीक बुडबुडे यायला लागले, भाताला कढ येतो तसे. मी आपली फडकं घेऊन पुसतेय, पिळतेय, परत पुसतेय. समोरच्या गुरुराजनं रस्त्यावरून आरोळी दिली, “अक्का, केरे कोडी बित्तु!” तळं भरलं, सांडव्यावरून वाहायला लागलं. तरी मी निवांत होते बघ. म्हटलं, वाहू दे, कोडी तिकडं रस्त्यापलीकडं आहे, दगडापाशी. इकडं आपल्याला काय! आणि पाणी मागच्या दारानं आलं, घरच्या माणसासारखं, न विचारता, आणि सरळ चुलीपाशी जाऊन थांबलं.

पाऊस उघडल्यावर गच्चीवर गेले आणि रस्त्यापलीकडं पाहिलं. आपली कोडम्मा, कोडीच्या दगडातली देवी, तिच्या कट्ट्यावर उभी होती. पायाशी कुणीतरी वाहिलेली शेवंतीची फुलं जागची हललीसुद्धा नव्हती. माझ्या घरात नदी आणि कोडीच्या दगडाशी ओहोळही नाही. तेव्हा काही कळलं नाही. कळायला नको होतं, म्हणून कळलं नसेल.

तुला आठवतं ना, आपलं तळं, होन्नकेरे, भरलं की अम्मा कशी लगबगायची? दोन सुपं एकावर एक झाकलेली, आत हळदकुंकू, काळ्या बांगड्या, डाळ-तांदूळ, खणाचा तुकडा. आपल्या लोकांत कुणी वाण म्हणो, अम्मा त्याला बागिनाच म्हणायची. गावच्या बायका कोडीवर जमायच्या, दगडाला हळद माखायच्या आणि सुपं पाण्यावर सोडून द्यायच्या. मला अम्मानं तेव्हाच सांगितलं होतं, ही इथं उभी आहे म्हणजे तळ्याचं जास्तीचं पाणी इथूनच जाणार, तिच्या पायाखालची वाट पाण्याची. तिथं ती म्हैससुद्धा बांधू द्यायची नाही. आणि तू तर काय केलंस! बायकांच्या आधी नारळ फोडायला धावलास आणि दगडावरच आपटलास. नारळ राहिला आख्खा, कोडम्माचा कोपरा उडाला. अम्मानं तुला कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि त्या खपलीत हळद भरली. तुटका कोपरा तळ्याकडं होता. मला पक्कं आठवतं, कारण तू त्या कोपऱ्यासमोरच उठाबशा काढताना तळ्याकडं पाठ करून उभा होतास आणि आम्ही पोरी समोर हसत होतो.

मग माझं लग्न झालं आणि मी पेरियापट्टणला गेले. दाजी तंबाखूच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि आम्ही परत म्हैसूरला आलो, तोवर म्हातारी झाले होते. मला माहेरची दिशाच सापडेना. शेतं गेली, चिंच गेली, ओढ्यावर रस्ता झाला, जिकडं बघावं तिकडं तुझ्या साईटींचे पांढरे खुंट ठोकलेले. लहानपणी दसऱ्यात बन्नीमंटपाला मशालींची कवायत बघायला जायचो, तेव्हा हरवू नये म्हणून तू माझ्या पदराला आपल्या सदऱ्याची गाठ मारून घ्यायचास. त्या दिवशी तू माझा हात धरलास, रस्त्यापलीकडं नेलंस आणि म्हणालास, “बघ अक्का, सगळं बदललं, पण अम्माची कोडम्मा मी हलू दिली नाही.” मी तिथंच बसकण मारली आणि ढसाढसा रडले. तुझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तुटका कोपरा रस्त्याकडं दिसला तेव्हा मनात आलं, हा तर तळ्याकडं होता ना? मग म्हटलं, इतकी वर्षं झाली, आपणच विसरलो असू. तुझ्यावर शंका घेण्यापेक्षा मी माझ्या आठवणीवर घेतली.

अप्पांच्या जमिनीतला वाटा मी कधी मागितला नव्हता. तूच म्हणालास, गौरीच्या सणाला भाऊ बहिणीला बागिना देतो, माझं बागिना म्हणून एक साईट घे. दोन दाखवल्यास. एक रस्त्यापलीकडची, दगडाला लागून. एक ही. मला अम्माचं म्हशीचं बोलणं आठवलं आणि मी म्हटलं, दगडापासून लांबची दे. तू जरा थांबलास. मला वाटलं, ही जागा तू दुसऱ्या कुणाला कबूल केली असशील आणि आता भिडेपोटी बोलत नसशील. मग म्हणालास, “चांगली निवडलीस, अक्का.”

ते थांबणं मला आता रोज आठवतं. भाजी चिरताना आठवतं, अंघोळ करताना आठवतं. तेवढ्या वेळात तू बोलू शकला असतास.

तू बोलला नाहीस आणि आम्ही घर बांधलं. दाजींचं सगळं आयुष्य त्या विटांत गेलं, तुला माहीत आहे. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींवर मीठ फुटलं. तू म्हणालास, नवं सिमेंट आहे, घाम येतो. दुसऱ्यांदा देवघराचं दार फुगलं, तू रंगारी पाठवलास. गेल्या साली हॉलमध्ये टाचा बुडतील इतकं साचलं, तर म्हणालास, गटार तुंबलं असेल. शरत बेंगळूरहून चिडून फोन करायचा, “अम्मा, मामांना विचार तरी!” आणि मी त्याच्यावरच ओरडायची. मामानं बघून दिलंय, मामा काय परका आहे का, म्हणायची. माझ्या मुलाला मी तुझ्यासाठी गप्प केलं रे.

पाणी उतरायच्या आत नागू आली, एकटीच, बिसीबेळेभाताचा डबा घेऊन, साडी वर खोचून. तू आला नाहीस, त्याचं कारणही तिनं तुझ्या वतीनं सांगितलं, बिचारी. मग मागच्या दारात उभी राहिली, पायरीवरून वाहणारं पाणी बघितलं आणि एकदम तिचा बांध फुटला. “अय्यो अक्का, इथंच तर होती देवी, या पायरीपाशी. मी तेव्हाच यांना म्हटलं, उठवू नका, बेडा, माझं ऐका. हात जोडले. म्हणाले, दगड इथं दिसला तर साईटी कोण घेईल?” बोलून गेली आणि मग तोंडावर पदर धरला. मी तिला टॉवेल दिला. गॅस भिजलेला, नाहीतर कॉफी केली असती. तिला यावरून एक शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते. तुझ्या घरात खरं बोललेलं ते एकच माणूस आहे, आणि तेही चुकून.

मला पाण्याचा राग नाही. तळं भरल्यावर पाणी त्याच्या वाटेनंच जाणार, ते अम्मानं मला लहानपणीच सांगितलं होतं. तू मला थापा मारल्यास, त्याही मी गिळल्या असत्या, लहानपणापासून गिळत आलेय. पण तू अम्माच्या दगडाला खोटं बोलायला लावलंस. आणि त्या खोट्या जागी मी दर साली बागिना घेऊन गेले. आता तिथं पाणी कुठलं येतं, पुढ्यात सूप ठेवून परत यायची. ‘माझ्या भावाला सुखात ठेव’ म्हणून मागायची. तू एकदा माझ्याबरोबर आला होतास, चपला काढून, हात जोडून उभा होतास. काय मागितलंस रे तेव्हा?

पण हे एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मनात ठेवलं असतं, तुझ्यासमोर जरा कमी हसले असते, आणि गौरीला तू आलास की ताटही वाढलं असतं. लिहायचं कारण प्रार्थना नावाची ती मुलगी. माझ्या मागची शेवटची साईट बघायला आली होती, नवरा श्रीवत्स आणि ती. शाळेत शिकवते, गोड पोर आहे. तिच्या वडिलांचं, कृष्णमूर्तींचं, एक अंग गेलंय, जिना चढता येत नाही. म्हणून खाली त्यांची खोली काढायची, खिडकीतून तळं दिसेल अशी, ते सगळं ती मला हातवारे करून सांगत होती. पाणी प्यायला आत आली. भिंतीवरची ओली रेघ बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “आंटी, इथं पाणी येतं का हो?” मी म्हटलं, रविवारी ये, निवांत बोलू. म्हणजे मीही थांबले. तुझ्यासारखीच थांबले, आणि ते मला फार लागलं. आणि संध्याकाळी तुझा फोन. पुरानंतरचा तुझा पहिला फोन. दाजींची चौकशी नाही, काही नाही. “अक्का, ते लोक तुलाच विचारणार. थोडी ओल असते म्हण, बास. उद्या तुझंही घर विकायचं झालं तर?”

बरोबर आहे तुझं. शरतही तेच म्हणतो, गपचूप विकून बेंगळूरला या. खरं बोलले तर या घराला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि आमच्याकडं दुसरं काही नाही. मी दाजींना विचारलं. त्यांनी रेडिओ बंद केला, तो ते कधी बंद करत नाहीत, आणि म्हणाले, “तो माणूस उठून पळूही शकणार नाही, भवानी.” मग रेडिओ परत लावला. आमचं बोलणं तेवढंच झालं.

तर भुजंगा, रविवारी ती पोर येईल आणि मी तिला सगळं सांगणार आहे, संपापासून चुलीपर्यंत. पण त्याआधी तू ये. तिला माझ्याकडून कळण्याऐवजी तुझ्याकडून कळू दे, त्यासाठी हे पत्र. चार माणसं आण, कोडम्माला कट्ट्यावरून उठव आणि माझ्या मागच्या पायरीपाशी, तिच्या जागी, परत उभी कर. ती तिथं उभी दिसली की प्रार्थनेला मी वेगळं काय सांगायचं राहील? मग गौरीला दुसरं काही आणू नकोस, हेच माझं बागिना. मी हळद भिजवून ठेवते, चार माणसांचा स्वयंपाकही करते, आणि तुझा. ओझं जड आहे, खाली ठेवताना माणसं घाई करतील, तू लक्ष दे. तुटका कोपरा तळ्याकडं.

तुझीच,
भवानीअक्का