बाहेरून लावलेलं दार

दादा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी जन्मभर मास्तरीण असून तुम्हाला कधी शिकवलं नाही, तेव्हा हे लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. पण बोलायला इथं कुणीच नाही. मी ब्राझिलियात आहे. ब्राझील देशाची ही राजधानी, विमानानं यायला दीड दिवस लागला. तुमचा नातू इथं नोकरीला आहे. "आई, रिटायर झालीस, आता महिनाभर सुट्टीला ये," म्हणाला, म्हणून आले. पहिले आठ दिवस मुलानं आणि सुनेनं रजा काढून लई फिरवलं. शहर सगळं नवंकोरं, आधी कागदावर काढलेलं आणि मग माणसं आणून बसवलेली. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. इमारती खांबांवर उभ्या, खाली सगळं मोकळं. आणि गवत! शहराच्या मधोमध नजर जाईल तिथवर हिरवंगार गवत आणि त्यात तोंड घालायला एक जनावर नाही. माझा तर जीवच तुटला. सुनेला म्हटलं, "एवढं रान मोकळं पडलंय, कुणी चारत कावून न्हाई?" ती म्हणाली, "आई, हे नुसतं बघायचं गवत आहे." बघायचं गवत! धनगराच्या लेकीनं हे ऐकायचं.

मग रविवारी तळ्यावर गेलो. तळंही माणसांनीच अडवलेलं, आपल्या माजलगावच्या धरणासारखं. मला बाकावर बसवून दोघं आइस्क्रीम आणायला गेले. तेवढ्यात झुडपांतून जनावरं बाहेर आली. तोंड उंदराचं, अंग डुकराएवढं, शेपूट नाही, पिल्लं बरोबर. चांगला मोठा कळप होता. चरत चरत सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं, आणि रस्त्यावर गाड्या सुसाट. राखणदार कोण? कुणीच नाही! माझ्यानं बसवेना. छत्री घेतली आणि उठले. तुम्ही सांगायचा तसं मागून नाही गेले, लांबून वळसा घातला, पुढच्या जनावराच्या तोंडासमोर छत्री आडवी धरली आणि जीभ टाळूला लावून तुमचा तो आवाज काढला. आणि दादा, वळली की हो! एकामागं एक सगळी वळली. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, वाटलं तुम्ही बघायला पाहिजे होतात. पण ती वळली ती सरळ तळ्यात. धबाधबा सगळा कळप पाण्यात, डोकीसुद्धा दिसेनात. मेंढरू पाण्यात गेलं की लोकर भिजून दगड होतं, ते बुडतंच, हे माझ्या हाडात बसलेलं. म्हटलं, मेले! कुणाची तरी दौलत बुडवली मी! तशीच लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि ओरडत सुटले, "धरा रे, धरा! जनावरं बुडाली!" अख्खा काठ उभा राहून बघतोय. दोन पहारेकऱ्यांनी मला ओढून काढलं. तेव्हा पार मधोमध त्या जनावरांची डोकी वर आली. निवांत पोहत होती मेली, माझ्याकडं बघत. "आई, ते पाण्यातलंच जनावर हाय गं," मुलगा म्हणाला. सून हसून हसून खाली बसली, मलाही हसू आलं. मुलगा मात्र हसला नाही. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडची किल्ली काढून घेतली. इथलं दार आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही. "तुला भाषा येत न्हाई, रस्ता कळत न्हाई. उद्या काही झालं तर मी काय करू? थोडेच दिवस, आई. तुझ्याच भल्यासाठी." दोघं सकाळी जातात, दिवस मावळताना येतात. मी सहाव्या मजल्यावर. घासलेली भांडी पुन्हा घासते. खिडकीतून खाली माणसं जाताना दिसतात, कुत्री फिरवतात, मी वरून बघते. लिफ्टचा आवाज झाला की दाराशी जाऊन उभी राहते. कुणी दुसरंच उतरतं. काल एवढी चिडले की दाराला लाथ घातली, अंगठा सुजलाय. जीव गुदमरतो, दादा. अजून दोन आठवडे काढायचेत. वर्गातल्या साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई मी, पोटच्या पोराला "दे रे किल्ली" एवढं म्हणता येऊ नये?

म्हणता येत नाही, कारण "तुझ्याच भल्यासाठी" हे बोलणं त्याचं नाही, माझं आहे. तुमचे गुडघे गेले, मेंढरं विकली आणि मी तुम्हाला केजला माझ्या घरी आणलं. लेकीच्या घरी राहायची तुम्हाला लाज वाटायची. एका दुपारी दारावरून एक कळप गेला आणि तुम्ही त्याच्यामागं निघून गेलात. दोन दिवस आम्ही शोधतोय. सापडलात घाटनांदूरच्या वाटेवर, त्या कळपाच्या माणसांबरोबर भाकरी खात. त्यांच्यादेखत मी ओरडले, "कावून गेलता? लोकं काय म्हणतील मला?" तुम्ही म्हणालात, "बाई, त्यांचा कुत्रा लंगडत व्हता. काटा काढाया गेलतो." दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागले. तुमच्याच भल्यासाठी. तुम्ही कधी भांडला नाहीत. एकदाच म्हणालात, "किल्ली तेवढी आत ठिवून जात जा गं. मी कुठं जात न्हाई. जीव घाबरला तर खिडकीतून शेजारणीला देईन, ती उघडंल." मी पर्स भरत होते. वर न बघता म्हटलं, "एकच किल्ली हाय, दादा. आत ठेवली तर मी आल्यावर कशानं उघडू?" "बरं," म्हणालात. पुढचा पोळा तुम्ही बघितला नाही.

काल मुलानं विचारलं, "आई, रागावलीस का? बोलत न्हाईस." मी म्हटलं, "न्हाई रे." त्याला हे सांगायची माझी छाती नाही, तुमच्यापाशीच बोलते आणि कागद फाडून टाकते. कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. दुसरी तुम्ही बसायचा त्याच खोलीत होती, फळीवरच्या हळदीच्या डब्यात. तुमचा हात सहज पोचला असता. पण मी एकच आहे म्हणाले होते, म्हणून तुम्ही कधी शोधलीच नाहीत.