बिरदेवची बायको

कोईमतूर
६ जानेवारी २०२५

ती. आईस रविराजचा सलाम.

तर मग चूक माझीच म्हणायची. फोनवर मी वरडलो, तू फोन ठेवलास, आणि समीक्षाकडनं निरोप धाडलास की आता जे बोलायचं ते लिहून पाठव, लिहिताना माणूस वरडत न्हाई. आठवी नापास पोराला तू कागद-पेनाची शिक्षा देतीस. बरं, लिहितो. पण लिहिताना बी वरडता येतं हे तुला कळंल.

ज्या ट्रॉलीला धडकून आबा गेलं, त्या ट्रॉलीच्या डायवरची, बिरदेवची, बायको आपल्या घरात राहती, आपलं जेवती, हे खरं का? समीक्षा म्हणती खरं. आई, दोनच वर्षं झाली. इस्लामपूरच्या रस्त्यावर दिवेलागणीला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागं लाल दिवा न्हाई, साधं फडकं बी बांधलेलं न्हाई. आबा प्रार्थनासभेवरनं गाडीवर येत होते. मी इथनं पोचलो तवा माती झालेली. मला तोंड बी बघाय मिळालं न्हाई.

आपली आतली खोली मला काय नवी हाय का? आबा वॉर्डबॉय, तू आया, त्यामुळं दवाखान्यातल्या सगळ्या वॉर्डांना आपला पत्ता पाठ. पेशंटचा नातेवाईक आला की आमची गादी त्याला आणि समीक्षा नि मी, आमी दोघं भावंडं, टेबलाखाली. मी कवा तक्रार केली न्हाई. म्हणजे केली, पण तुमी ऐकली न्हाई. तरी पाहुणचाराला बी काय हद्द असंल का न्हाई? आणि त्या बाईची बी कमाल. सगळं माहीत असून आपलं मीठ खाती.

इथं आमी दागिने गाळतो. भट्टीत सोनं एकीकडं होतं, मळ एकीकडं. तुझ्या भट्टीत मात्र सगळं एकच.

पंधरा तारखेच्या आत ती गेली पायजे. न्हाईतर मी येतो आणि तिचं बोचकं माझ्या हातानं रस्त्यावर ठेवतो.

लोभ हाय, तो रागासकट घे.
तुझा रविराज


मिरज
११ जानेवारी २०२५

चि. रविराज यास आईचा आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो. वि. वि.

तुझं पत्र समीक्षानं वाचून दाखवलं. दोनदा हसली. 'कोईमतूर' सोडून एकही शब्द धड न्हाई म्हणाली. तू मनावर घेऊ नको, मला सगळा कळला.

पहिली गोष्ट, तानुबाईला काही माहीत न्हाई. जतकडची धनगराची बाई आहे, मेंढरं विकून नवरा ट्रॅक्टरवर लागला. कोर्टाच्या तारखेला ती कधी आली न्हाई. डिसेंबरात वॉर्डाच्या सिस्टरनं तिला माझ्याकडं पाठवलं, नेहमीसारखी. नवऱ्याचा पाय ट्रॉलीच्या जोडात सापडलाय एवढंच सांगितलं. मी चटई दिली. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन वॉर्डात गेले, तर खाटेवर तो. मी त्याला कोर्टात बघितलेलं. त्यानं मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडं केलं. तेव्हापासनं तोही बायकोला बोलत न्हाई, मीही न्हाई. दोन चोर एका गोष्टीवर गप्प बसावेत तसं आमचं झालंय.

तुला वाटत असेल आई लय मोठ्या मनाची. तसं न्हाई रे. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. अजूनही तिची भाकरी थापताना हात जड होतो. पण थापते. तिला घालवायची तर कारण सांगावं लागेल, आणि कारण कळल्यावर ती नवऱ्याच्या उशाशी बसेल कशी? पायात सळई घालायचं ऑपरेशन राहिलंय, जखम सुकायची वाट बघतायत. तोवर तिच्या पोटाला मिळालं पाहिजे.

खटल्याचं विचारशील, तर तारखेला मी जाणार आणि दिवा नव्हता हेच सांगणार. भाकरी वेगळी, साक्ष वेगळी.

एकोणीस तारखेला आबांचा स्मरणदिन, रविवारच आहे. चर्चच्या उपासनेनंतर मंडळीला चहा आणि शिरा देणार आहे. येणार असशील तर ये, पण दुसऱ्याच्या बोचक्याला हात लावायला येऊ नको. ॲसिडच्या धुरात तोंडाला फडकं बांधत जा. खोकला कसा आहे ते लिहिलं न्हाईस.

माया आहे, ती कमी होणार न्हाई, किती का वरडशील.
तुझी आई


मिरज
२० जानेवारी २०२५

प्रिय दादा, सलाम. वि. वि.

तू काय करून ठेवलंस, तुला कल्पना आहे का?

काल देवळात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तानुमावशी पहाटे उठून आईबरोबर शिरा भाजायला बसली होती. मालकांचा दिवस आहे तर पातेलं मीच उचलणार म्हणाली, आणि डोक्यावर घेऊन देवळापर्यंत आली. बाहेर का बसता म्हणून आईनंच तिला मागच्या बाकावर बसवलं.

पाळकसाहेबांनी आबांसाठी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि मग ते मोठ्या आवाजात म्हणाले की हे प्रभू, आमच्या या भगिनीबद्दल तुझे आभार, कारण ज्या बिरदेवच्या चुकीनं तिचा पती गेला त्याच बिरदेवच्या पत्नीला तिनं घरात घेतलं आहे, आणि ती आज आमच्यात बसली आहे. वर आणखी ट्रॉली, इस्लामपूरचा रस्ता, सगळं सांगितलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर मागचा बाक रिकामा. शिऱ्याचं पातेलं फडक्यानं झाकलेलं तिथंच होतं.

आई दारात पाळकसाहेबांवर चढ्या आवाजात बोलली. आईला तसं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली की साहेब, तुम्ही माझा मान न्हाई वाढवला, त्या बाईची लाज वेशीवर टांगलीत. ते बिचारे गोंधळले. म्हणाले की शुक्रवारी रविराजचाच फोन आला होता, आईला समजवा म्हणून, आणि त्यांना वाटलं की असली गोष्ट झाकून ठेवण्यापेक्षा मंडळीपुढं आलेली बरी. ते वाईट माणूस न्हाईत. पण तू आईला सोडून त्यांना फोन का केलास?

घरी आलो तर चटई गुंडाळून भिंतीला लावलेली आणि बोचकं गेलेलं. तुझं काम तिनंच केलं. आता ती वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर बसून आहे. आईनं नेलेला डबा तसाच परत आला.

रागावले आहे, पण तुझीच बहीण आहे.
समीक्षा


कोईमतूर
२४ जानेवारी २०२५

समीक्षास रविराजचा सलाम.

फोन मीच केला. मला वाटलं पाळकसायब आईला दटावतील. त्यांनी आरती ओवाळली, त्याला मी काय करू?

गेली तर गेली. माझ्या मनासारखं झालं. मग तू मला असं का लिहितीस, जसं मी कुणाचं घर जाळलं? ती काय उघड्यावर हाय का? दवाखान्यात छप्पर हाय, बाहेर वडापाव मिळतो. जगातली समदी माणसं आपल्याच घरी जेवली पायजेत असा काय कायदा हाय?

दुकानातला जोतिबा, आटपाडीचा, म्हणजे तिच्याच जतकडचा, मला म्हणला की आज तुझं ध्यान कुठं हाय गड्या, मूस सांडशील. मी म्हणलं कुठं न्हाई. पण त्याला विचारलं की तुमच्याकडची बाई एकदा उठून गेली की परत येती का. तो म्हणला की ती मान मोडंल पण वाकवणार न्हाई.

आई जेवती का ते कळव. फक्त तेवढंच कळव.

रविराज


मिरज
२८ जानेवारी २०२५

प्रिय दादा, सलाम. वि. वि.

तेवढंच कळव म्हणालास, पण तेवढ्यावर भागणार न्हाई. आई रोज डबा घेऊन जाते, तिच्या शेजारी फरशीवर बसते, आणि दोघींपैकी कुणीच न जेवता डबा घरी येतो. तानुमावशी चहा-बिस्किटावर आहे. परवा जिन्यात चक्कर येऊन बसली.

त्यापेक्षा वाईट म्हणजे तिला नवऱ्याला गावी न्यायचंय. ऑपरेशन सहा तारखेला ठरलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता हलवलं तर जखम चिघळेल आणि पाय गुडघ्यापासून काढायची वेळ येईल. ती म्हणते की इथं कुठल्या तोंडानं राहू. नवऱ्याशी तर बोलतच न्हाई. त्यानं रडून सांगितलं की तोंड उघडायचं धाडस झालं न्हाई, तर ती म्हणाली की दिवा लावायचं बी झालं न्हाई आणि तोंड उघडायचं बी न्हाई, मग तुमाला जमतं तरी काय.

काल शेवटी आई तिला म्हणाली की घर माझं आहे, मी बोलावतीय, चल. तानुमावशीनं पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाली की आवं, तुमी बोलवालच, तुमचा सभावच तसा हाय. पर बाप पोराचा गेला. घरचा करता आता त्यो. त्यानं ये म्हणलं तर येते, न्हाईतर चार तारखेला जीप सांगितलीय. मी म्हटलं की आत्ता फोन लावून देते, तर नको म्हणाली. फोनवर लाजंकाजं कुणी बी ये म्हणतं. माझ्या नावानं लिहून येऊ दे.

आईनं तुला काहीही सांगायचं न्हाई अशी ताकीद दिली होती. म्हणाली की त्याच्यावर जोर करू नको, बाप त्याचाही होता. हे पत्र मी तिला न सांगता टाकतेय. हो म्हण असं मीही म्हणत न्हाई. पण काय ते चार तारखेच्या आत कळव, कारण ती आजपासूनच पोस्टमनची वाट बघायला लागलीय.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
समीक्षा


कोईमतूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस रविराजचा सलाम.

समीक्षाला रागावू नको. तिनं लिहिलं ते बरं केलं.

खरं सांगतो, आधी मी 'येऊ नका' असंच लिहाय बसलो. तीन कागद फाडले. वाचून दाखवणार समीक्षा, ऐकणार ती बाई, आणि शेजारी डबा घेऊन बसलेली तू. तुमा तिघींच्या पुढं ते वाचलं जाणार, एवढं डोळ्यापुढं आलं की पेन पुढं जाईना. फोन असता तर बोलून मोकळा झालो असतो. लिहायला लावून तू मला बरोबर गाठलंस.

तानुमावशीची चिठ्ठी ह्याच पाकिटात हाय. समीक्षाला ती अशीच वाचाय सांग, एक शब्द गोड करू नको म्हणावं.

"तानुमावशीस रविराजचा रामराम. तुमी घरी या. मनातनं राग गेला म्हणून बोलावतो असं न्हाई, गेलेला न्हाई. पर राग तुमच्यावर नव्हताच, तो तुमच्या वाट्याला उगंच आला. पाळकसायबांना मीच फोन केला होता. त्यामुळं तुमाला चारचौघांत मान खाली घालावी लागली. ती चूक माझी, माझ्या आईची न्हाई. आतल्या खोलीत चटई पसरा. माझ्या आईला जेवाय लावा, आणि तुमी बी जेवा. जीप नको म्हणून सांगा. लिहून देतो, रविराज."

पोस्टावर माझा भरवसा न्हाई. जोतिबाची सुट्टी आठ तारखेला होती, ती शेठला सांगून अलीकडं ओढून घेतली आणि बदल्यात त्याच्या पाळ्या मी करणार हाय. तो आज निघाला, उद्या संध्याकाळी मिरजेत उतरंल. त्याला सांगितलंय की घरी नंतर, आधी व्हरांड्यात जा.

बिरदेवला मी माफ केलेलं न्हाई. हे पाळकसायबांना सांगू नको, न्हाईतर माफ केलं म्हणून पुढच्या रविवारी जाहीर करतील. तारखेला तू साक्ष दे, दिवा नव्हता ते सांग. त्या दिवशी मी बी येईन तुझ्यासंगं.

खोकला हाय, पर कमी हाय. फडकं बांधतो. माझ्यावरची माया हाय तशी राहू दे, आता वरडणार न्हाई, म्हणजे लगेच न्हाई.

जोतिबाजवळ पैसे दिलेत, मोजून घे. घरखर्चाचे पाच हजार. तानुमावशीच्या जेवणाचे दीड हजार. त्या माणसासाठी मी एक रुपया बी पाठवणार न्हाई. पर ऑपरेशन झाल्यावर हाडाला बरं म्हणून तू त्याला बोकडाच्या पायाचं सूप करून नेशीलच, तुला मी ओळखतो, तर त्याचे दोनशे. समदे मिळून सहा हजार सातशे.