चौथी स्लाइड

सर,

तुम्ही गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा मी एका कार्यशाळेत तुमच्याबद्दलच बोलत होते. नाव घेत नाही मी. पडद्यावर चौथी स्लाइड येते, तिच्यावर एक रिकामी खुर्ची आणि वर ‘नियोजन नसलेला शिक्षक’. मग मी सांगते की लातूरला आम्हाला मराठी शिकवायला एक सर होते, ते एक प्रश्न विचारायचे आणि खिडकीबाहेर बघत तास घालवायचे. प्राध्यापक हसतात. जेवणाआधीच्या सत्रात माणसं जागी ठेवणं अवघड असतं, म्हणून ती स्लाइड मी इतकी वर्षं काढली नाही. त्या दिवशी हसणं थांबल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, ते सर वारले की.” मी ‘अरेरे’ म्हटलं आणि पाचव्या स्लाइडवर गेले.

माझं काम काय हे तुम्हाला एकदा सांगितलं होतं. लातूरच्या बसस्टँडवर तुम्ही उदगीरच्या गाडीची वाट बघत होता, मी तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून पुण्याच्या एका कंपनीत निघाले होते. “अभ्यासक्रम आखून द्यायचे सर. कुणी काय, कसं, किती वेळात शिकायचं ते.” तुम्ही चष्मा पुसला. “बरं हाय. मग शिकवतं कोण?” मी म्हटलं, त्याची फारशी गरज पडत नाही. “लई बरं हाय,” म्हणालात, आणि गाडी लागली तसे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावलात. मला तुमची कीव आली होती. एवढा शिकलेला माणूस, आणि रुमाल टाकतो.

आता मी नांदेडला असते. कॉलेजांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम बनवते आणि ते कसे बनवायचे हे प्राध्यापकांना शिकवते. प्राध्यापक म्हणजे कोण, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या नोट्स कॅमेऱ्यासमोर वाचणारे, आणि वाचताना पान उलटायला बोटाला थुंकी लावणारे. शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय येईल ते आधी लिहा, असं मी सांगते. ते परीक्षेचा निकाल लागल्यावर लिहितात, निकालाला जुळेल असं. ‘समजणे’ हे क्रियापद आमच्याकडे चालत नाही. ते मोजता येत नाही. ‘ओळखणे’ चालतं, ‘यादी करणे’ चालतं. एम.ए.ला ज्या मुलीनं एका कथेवर चाळीस पानं लिहिली होती, ती, म्हणजे मीच, आज लोकांच्या कागदांवरचं ‘समजणे’ लाल शाईनं खोडते. तुम्ही कधी असं काहीच लिहिलं नाहीत. तुम्ही यायचात, हजेरी घ्यायचात, बसायचात.

मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसात एक मुलगी आली. किनवटकडच्या इस्लापूरची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. मराठी लेखनाचा माझाच कोर्स तिला सक्तीचा होता. तो पूर्ण दिसला नाही तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि वर्ष गेलं तर घरचे परत कॉलेजला पाठवणार नाहीत. हे तिनं रडून नाही, गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

“तीन नंबरच्या धड्यातून पुढंच जाऊ देईना मॅडम.”

मी नोंद उघडली. तिसरा धडा चौदा वेळा सुरू केलेला, चौदाही वेळा ‘निष्क्रिय’. पानावर दहा मिनिटं हालचाल झाली नाही तर पान बंद होतं आणि धडा पहिल्यापासून सुरू होतो. मुलं धडा उघडून निघून जातात, म्हणून हा नियम. तो मीच केला.

“धडा उघडून तू जातेस कुठं?”

“कुठंच न्हाई. व्हिडिओ थांबवून लिहून राहिले होते.”

तिनं वही काढली. माझं वाक्यन् वाक्य तिनं उतरवलं होतं, आणि समासात स्वतःचे प्रश्न. शेजारच्या टेबलावरचे समन्वयक वाकून बघत म्हणाले, “अरे वा. हिला डायरेक्ट पीएच.डी.लाच बसवा.” ती हसली नाही. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. एका उताऱ्याचे चार सारांश दिलेले, त्यातला योग्य निवडायचा.

“दुसरा का चूक हाय?”

तो प्रश्न मी कधीतरी एका दुपारी आणखी तीस प्रश्नांबरोबर उरकला होता. मी दुसरा पर्याय वाचला. परत वाचला. चूक का ते मला सांगता येईना.

“सिस्टिममध्ये तिसरा बरोबर दिलाय,” मी म्हटलं. “हे बघ, लिहू नकोस. नुसतं बघायचं आणि पुढं जायचं. इथंच बस, आत्ता करून टाक.”

“हाव मॅडम.”

तिनं वही मिटून मांडीवर ठेवली आणि बटण दाबत गेली. दीड तासात अख्खा कोर्स संपला. शंभर टक्के, हिरवी खूण.

“झालं का?”

“झालं.”

“मग ह्या वहीचं काय करू?”

“ठेव तुझ्याकडं,” मी म्हटलं. ती किनवटच्या गाडीला गेली. तो नियम मी अजून काढलेला नाही.

त्यानंतर तुमचा तो तास सारखा आठवतो. तुम्ही एक कथा वाचून दाखवली आहे. तिच्यातली बाई घासून ठेवलेली भांडी मांडणीवरून उतरवते आणि पुन्हा घासायला बसते. तुम्ही पुस्तक मिटता. “का घासते?” तुम्ही खिडकीबाहेर बघता. “घाई न्हाई. माझी गाडी साडेपाचला हाय.” मागून एक जण म्हणतो, “सर, उत्तर तुम्हालाच म्हाईत न्हाई वाटतं.” तुम्ही म्हणता, “न्हाई म्हाईत. म्हणून तर विचारलं.” सगळे हसतात. घंटा होते. त्याच दिवशी मी तुम्हाला नापास केलं.

उद्या लातूरला कार्यशाळा आहे, आपल्याच कॉलेजात. चौथी स्लाइड दुपारी एकदा काढली आणि परत घातली. ती नसली तर तिसरीनंतर एकदम पाचवी येते आणि मला बोलायला काही सुचत नाही.

त्या दिवशी मी पहिल्या बाकावर होते. वडील दुसरं घर करून गेल्यापासून माझी आई घासलेली भांडी परत घासायची. मला उत्तर माहीत होतं. तुम्ही पाऊण तास थांबलात, आणि मी सगळ्यांबरोबर हसले.