मेट्रोच्या वाटेवरचं बिनतुपाचं जेवण

शनि. ५ डिसेंबर २००९
ईशाने आज पुन्हा ताट सरकवलं. भाजीला तुपाची फोडणी होती म्हणून. तेरा वर्षांची नात. शाळेत गाई-म्हशींची कसलीशी फिल्म दाखवली, तेव्हापासून वीगन झालीय. मटण-अंडी घरात तशीही नव्हतीच. आता दूध, दही, तूप, ताकही नाही. मध पण नाही. मधमाश्यांना विचारलं नाही म्हणे. म्हटलं, भोपळ्याला विचारलंस का चिरण्याआधी? "आजी, दॅट्स नॉट फनी." पण ओठ हलले.
दीड महिना झाला, पाव-केचप आणि शेंगदाणे. सून मेधा म्हणाली, "आई, एक तारखेपर्यंत बघते. तोवर चारी ठाव जेवायला लागली नाही तर हे सगळं खलास. रोज दोन ग्लास दूध, मी समोर उभी राहून." ईशा खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोम. ७
मुलगा सतीश म्हणतो, जुन्या दुबईत, बुर दुबई-देऱ्याला व्हेज हॉटेलं पैशाला पासरी. पण गाडी तो ऑफिसला नेतो आणि सुट्टीत झोपतो. म्हटलं, नवीन मेट्रो झालीय ना.
"तू? आई, तुला इंग्लिश कुठे वाचता येतं!"
चौथी पास आहे, मान्य. पण सांगलीत बावीस वर्षं खानावळ चालवली. पोरीला पाट्या वाचता येतात, मला जेवण वाचता येतं. दोघींत मिळून एक शहाणी बाई होते.

शुक्र. ११
शुक्रवारी मेट्रो दुपारी दोनला सुरू होते. घराजवळून, डिस्कव्हरी गार्डन्सहून फीडर बस, मग नखील हार्बर स्टेशन. गाडीला ड्रायव्हरच नाही. बायकांना वेगळा डबा. बसले, पिशवीतून आवळासुपारी काढून तोंडात टाकली. ईशाने हात धरला, "आजी! हंड्रेड दिरहम्स फाइन!" म्हणजे साडेबाराशे रुपये, आवळ्याचे! गालात दाबून बसले. उतरेपर्यंत बोलले नाही. कार्टी म्हणते, बेस्ट राइड एव्हर.
खालिद बिन अल वलीदला उतरलो. तिथे छताला निळ्या काचेचे लोंबते प्राणी आहेत, समुद्रातले. वाचता आलं नाही तरी ते ओळखेन. बाहेर गुजराती थाळीचं हॉटेल. पोरगा फुलके तुपात बुडवूनच आणतो. "थोडासा घी है मॅडम, उससे क्या होता है." ईशाने कोरडा भात आणि लोणचं खाल्लं. फेरी फुकट.

शनि. १२
आज माझ्या हातून चूक झाली.
युनियन स्टेशन, देऱ्यातलं मद्रासी हॉटेल. ईशाने वेटरला दहा प्रश्न विचारले. सांबारात तूप नाही, भाजी खोबरेल तेलात. पोरगी जेवली! पहिल्यांदा पोटभर. दुसऱ्यांदा भात घेतला. मला इतकं बरं वाटलं, की पिशवीतली बाटली काढली आणि तिच्या भातावर तुपाची धार धरली. कढवलेलं तूप, माझ्यासाठी नेलं होतं. बाहेरच्या तुपाचा भरवसा नाही ना. पंगतीत भात वाढला की त्यावर तूप, अन्नशुद्धी. हात आपोआप गेला.
ती भाताकडे बघत राहिली. "यू डिड दॅट ऑन पर्पज."
नाही म्हटलं. पटलं नाही तिला. येताना दोन सीटा सोडून बसली.
सतीशला सांगितलं तर हसला. त्याला म्हटलं, हसू नको.

सोम. १४
ईशा शाळेत, बाकी दोघं ऑफिसात. कुणाला न सांगता एकटी गेले. निळे प्राणी दिसले, उतरले. चार हॉटेलं पालथी घातली. दोनच प्रश्न. फोडणी कशात? तवा कशाने पुसता? एका ठिकाणी डोशाचा तवा लोण्याने पुसतात. फुली. एकाने मला हेल्थ इन्स्पेक्टर समजून चहा दिला. प्यायले.
येताना उलट्या बाजूच्या गाडीत बसले. राशिदियापर्यंत गेले, पार दुसऱ्या टोकाला. एका फिलिपिनो बाईने दंडाला धरून परतीच्या गाडीत बसवलं. घरी पोचले तर मेधा दारात, "आई, मोबाईल कुठाय तुमचा?" फ्रिजवर होता.
ईशाला सांगितलं, चुकले. खानावळीत कुणाला विचारून वाढत नव्हते, तीच सवय. चुकले एवढंच. तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

शनि. १९
आपणहून बूट घालून उभी राहिली. "आय ॲम ओन्ली कमिंग सो यू डोन्ट गेट लॉस्ट."
निळ्या प्राण्यांच्या स्टेशनजवळचं राजस्थानी हॉटेल. वेटर म्हणे सगळं तेलातलं. डाळ आली. नाकाशी नेली, म्हटलं, "इसमें मक्खन है."
"नहीं अम्मा, कसम से."
"बुलाओ पकानेवाले को."
आचारी आला, मिशाळ. "थोड़ा बटर... लास्ट में." ईशा माझ्याकडे बघतच राहिली. म्हटलं, तेलात जिरं-हिंग तडतडव, लसूण लाल कर, मग ओत. तो म्हणाला, "यल्ला, चलो अम्मा, आप ही अंदर आ जाओ." पण केली, चांगली केली. तीन कोरड्या रोट्या खाल्ल्या पोरीने.
येताना शेजारी बसली. "आजी, युवर नोज इज लाइक, क्रेझी."

शनि. २६
ईशाने स्टेशनांचा नकाशा काढलाय. जिथे आम्ही पास केलं तिथे हिरवं पान. चार पानं झाली.
घरी मी पिठलं-भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, अळूवड्या केल्या. आपण हे पूर्वापार खातोच, कुणी नाव दिलं नव्हतं. ईशा सगळं जेवली. मेधा नाही खूश.
"म्हणजे वाईट मीच का?"
म्हटलं, तुला कोण वाईट म्हणतंय.
"तुमचा व्हिसा फेब्रुवारीत संपतो आई. मग सहाला दमून आल्यावर दोन-दोन स्वयंपाक कोण करणार?"
तिचं बरोबर आहे. भांडी घासली.

गुरु. ३१
मेधाला ऑफिस अर्धा दिवस. म्हटलं चल, आज तू. मेट्रोत पहिल्यांदाच बसली. ईशाने सगळी स्टेशनं दाखवली, स्वतःच बांधल्यासारखी.
मिशाळ आचाऱ्याने मला बघून बाहेर येऊन सांगितलं, "अम्मा, आज बटर बंद." मेधाने ईशाच्या ताटातला घास घेतला. मग आणखी एक. मग वेटरला विचारलं, "ये पार्सल कितने बजे तक मिलता है?"
परतीच्या गाडीत ईशाने विचारलं, "सो, मम्मा? टुमॉरो?"
मेधा म्हणाली, "आधी सांग, शाळेच्या डब्यात काय नेणार?"
झालं. तिथून दोघींची जुंपली. मी मध्ये होते, उठून खिडकीकडे गेले.
आता साडेसात वाजलेत. अजून मिटलेलं नाही. मी सोफ्यावर लिहितेय, स्वयंपाकघरातून आवाज येतोय. इथे शाळा रविवारपासून; रविवार, सोमवारचे डबे ठरले. मेधा म्हणतेय, "मंगळवारचं सांग. मंगळवारी मला मीटिंग असते."