पप्पांच्या नावावरची गाडी

११ सप्टेंबर, गुरु.
सुतकाचे सात दिवस परवा संपले. चटई उचलली, पुन्हा खुर्च्यांवर बसायला लागलो. पप्पांच्या दफनाला, आम्हा ज्यूंना प्रार्थनेसाठी लागतात ते दहा पुरुष जमेपर्यंत दुपार झाली होती. ठाण्याहून तिघे आले तेव्हा कुठे प्रार्थना सुरू झाली. आरोनला इस्रायलहून, आश्दोदहून, वेळेत तिकीट मिळालं नाही. एकुलता एक मुलगा, आणि बापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, कद्दीश, त्याने फोनवर ऐकली.

आज आईला डायलिसिसला मीच नेलं. पप्पांची गाडी, पप्पांची सीट. सीट पुढे ओढून घेतली. आई पुढे बसेना. म्हणाली, "तिथे मी त्यांच्या शेजारी बसायचे." मागे बसली.

१९ सप्टेंबर
पाटणकर येऊन गेले. गाडीचा विमा पहिल्यापासून तेच करतात. चहा घेतला नाही, पप्पांच्या फोटोला हात जोडले. मग कामाचं बोलले.

"मालक गेले की पॉलिसी तीन महिनेच चालते, रूबीताई. कागदावर फेब्रुवारी दिसेल, त्यावर जाऊ नका. तेवढ्यात गाडी नावावर करून घ्या."

आई म्हणाली, माझ्या नावावर करा. पाटणकर म्हणाले, "काकू, तुमच्याकडे लायसन नाही. मालकाच्या अपघाताचं संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. जी चालवते तीच मालक बरी." पप्पांनी कधी क्लेम केला नाही, त्याची सवलतही वारसाला मिळते म्हणे, पण नाव बदललं तरच. टॅक्स नव्याने नाही, घेताना भरलाय. मात्र मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. त्या अर्जावर मालकाची सही लागते.

मालक कुठे आणायचा?

२९ सप्टेंबर
अर्धी रजा टाकून आर.टी.ओ. सगळ्या वारसांची ना हरकत हवी. आई, मी, आरोन. आईने लगेच सही केली. आरोनला मसुदा पाठवला.

४ ऑक्टोबर
आरोनचा फोन. मला वाटलं आईची चौकशी करायला.
"गाडी तुझ्या नावावर?"
म्हटलं, मी चालवते म्हणून.
"आणि फ्लॅट?"
"फ्लॅटचं कोण बोलतंय?"
"कुणीच बोलत नाही, तेच म्हणतोय मी."
मग म्हणाला, "पप्पांना माती द्यायला मला मिळालं नाही, रूबी. आणि महिन्याभरात तुम्हाला माझी सही हवीय."
फोन त्यानेच ठेवला.

१६ ऑक्टोबर
आरोन फोन उचलत नाही. मेसेज वाचतो, उत्तर नाही.
विमा कंपनीत गेले. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, आधी गाडी तुमची आहे याचा पुरावा आणा. आर.टी.ओ. म्हणतं आधी सगळे वारस आणा, आणि चालू विमा. दोघांचंही बरोबर. पुढच्या आठवड्यात दिवाळी, तेव्हा सगळंच बंद.

८ नोव्हेंबर, शनि.
शनिवार शब्बाथचा, विश्रांतीचा, गाडी काढायला पप्पांना नको वाटायचं. पण जीव राखायला सगळं चालतं, असं स्वतःलाच सांगत ते किल्ली घ्यायचे.
आज आईने परत विचारलं, आरोनने पाठवलं का? म्हटलं, पाठवेल.

२० नोव्हेंबर
मुदत संपल्यावर काय, म्हणून आज रिक्षाने नेऊन बघितलं. आमच्या लाइन आळीतून निघून पुलापर्यंत आई ठीक. येताना डायलिसिसनंतरचं अंग, त्यात रस्त्याचे खड्डे. रिक्षातच ओकली. खाली उतरताना पाय गेले, वॉचमनने आणि मी उचलून आणलं. व्हीलचेअर रिक्षात बसत नाही. रात्रभर 'मला आता नेऊ नका' म्हणत होती.

२ डिसेंबर, मंगळ.
तीन महिने पुरे. गाडीवर कव्हर घातलं.
फोनवरून टॅक्सी मागवली. पहिल्याने खुर्ची बघून रद्द केली. दुसऱ्याने नेलं. पोचायला उशीर, मशिनची वेळ कापली गेली.

४ डिसेंबर, गुरु.
तेच. आज तर अर्धंच झालं. आईचे पाय सुजलेत, बोलताना धाप. डॉक्टर म्हणाले, असं परत चालणार नाही.
आरोनला लिहिलं: आईसाठी तरी. वाचलं त्याने.

६ डिसेंबर, शनि.
टॅक्सी येईना. आईला श्वास घेता येत नव्हता. कव्हर काढलं.
पुलाखालून सर्व्हिस रोडला वळताना डावीकडून सायकल. मी मागे आईकडे बघितलं होतं. एकदाच. तिने हाक मारली होती की मला वाटलं, ते आता आठवत नाही.
आवाज आठवतो.
थांबले. लोक धावले. त्याच गाडीत सायकलवाल्याला घातलं, आईच्या शेजारी, त्याच हॉस्पिटलात दोघांना नेलं. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

७ डिसेंबर
त्यांचं नाव जनार्दन म्हात्रे. कर्नाळ्याच्या अलीकडच्या गावचे. उरणकडे कंटेनर यार्डात रोजंदारीवर. उजवा पाय गुडघ्याखाली चेचलाय.
पोलिसांना सांगितलं, मीच चालवत होते, चूक माझी. त्यांनी लायसन, आर.सी., पॉलिसी बघितली. पॉलिसीवर फेब्रुवारी. तसंच लिहून घेतलं. मालकाचं नाव वाचून विचारलं, "हे कोण?" म्हटलं, वडील, वारले. मान डोलावली, पुढे लिहीत राहिले. कधी वारले ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
गाडी चौकीच्या आवारात.

९ डिसेंबर
शेजारच्या सावंतांनी आईला डायलिसिसला नेलं. मी म्हात्र्यांकडे. त्यांची बायको सुमन, हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये उकिडवी बसलेली. मला वाटलं, अंगावर येईल. बाजूला सरकून जागा दिली.
"तुमी थांबलात, पळाला नाय, म्हनून बोलतंय. पन आता आमी काय करू? घरात कमवनारा ह्यो एकच हाय."
थोड्या वेळाने म्हणाली, "गारीचा इमा हाय ना?"
मी हो म्हटलं.

११ डिसेंबर
वकिलांकडे. म्हणाले, कंपनी हात वर करणार. कोर्ट कदाचित आधी कंपनीला म्हात्र्यांना द्यायला लावेल, मग तुमच्याकडून वसूल. कदाचित सरळ तुमच्यावरच. तुमच्यावर म्हणजे तिघा वारसांवर. वर्षं जातील. "तोवर त्यांनी काय करायचं?" म्हटलं.

संध्याकाळी पाटणकर. दार लावून घ्यायला सांगितलं.
"मी लिहून देतो की अर्ज मुदतीत माझ्याकडे दिला होता. ऑफिसला पाठवायचा माझ्याकडून राहिला. फक्त तिघांच्या सह्या नोव्हेंबरातल्या हव्यात. भावाची नाही ना? तुम्ही करा. नोटरीचं बघतो मी."
म्हटलं, तुमची नोकरी?
"साहेबांचं, तुमच्या पप्पांचं, मीठ खाल्लंय. आणि त्या माणसाला पैसे मिळतील, ते बघा. खोटं बोलून कुणाचं नुकसान होतंय?"
कंपनीचं. पण कंपनी म्हटल्यावर डोळ्यांपुढे कुणाचाच चेहरा येत नाही.
सही केली नाही. नाही म्हणालेही नाही.

१३ डिसेंबर
आरोनला सगळं लिहिलं, वकिलांचंही. लगेच फोन आला. रडत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
"मी सही केली असती तर, रूबी..."
मी 'असं नको म्हणूस' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

१७ डिसेंबर
म्हात्र्यांचा पाय काढला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, सायकल कुठे हाय. सुमनने सांगितलं, घरी नेली. घरी नेलेली नाही, मोडून गेलीय.

२३ डिसेंबर
आरोनचं पाकीट, कुरिअरने. ना हरकत. खाली सही. तारखेची जागा मोकळी.
सोबत चिठ्ठी: 'तारीख तू घाल. जी लागेल ती.'
वारस म्हणून वसुली त्याच्यावरही येईल हे कळल्यावर पाठवलंय की आईसाठी, की म्हात्र्यांसाठी, की माझ्यासाठी? विचारणार नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, अशी भीती वाटते.
आईला चिठ्ठी वाचून दाखवली. मग म्हणाली, "तुझे पप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही."

२५ डिसेंबर, गुरु.
डायलिसिसला आईचा नंबर दुसऱ्या पाळीत. तोवर वॉर्डात म्हात्र्यांकडे. बसलेत उशांना टेकून. मला बघून पांघरूण पुढे ओढलं, मला दिसू नये म्हणून. मला दिसू नये म्हणून!
सुमन जिन्यापर्यंत आली. "इम्याचे कधी मिलतील? सावकाश द्या, पन मिलतील ना? तेवरा सांगा."
म्हटलं, सोमवारपर्यंत सांगते.
एवढं बोलायचं नव्हतं.

२८ डिसेंबर, रवि.
पाटणकरांना उद्या सकाळी कागद हवा. एकदा नोव्हेंबर लिहिलं की कोर्टात शपथेवर नोव्हेंबरच म्हणायचं, जन्मभर. आजची तारीख लिहिली तर सुमनला जाऊन सांगायचं की विमा नाही. मग म्हात्र्यांना द्यायला फ्लॅट विकायचा, आईला कुठे ठेवायचं ते बघायचं, तेही आईचे दिवस असतील तोवर.
दुपारी पेन घेऊन बसले. आईने हात पुढे केला, बघू म्हणाली. कागद डोळ्यांजवळ नेला. सहीवरून बोट फिरवत राहिली. आरोनचं अक्षर तिने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, फोनवर सगळं छापीलच येतं.
"अजून 'न' तसाच काढतो, शेपटी खाली ओढून," म्हणाली.
मग कागद छातीवर धरूनच तिला झोप लागली. हळूच सोडवून घ्यायला गेले तर बोटं घट्ट मिटली.
फोन वाजतोय. पाटणकर.